बसमध्ये न बसलेले भिकनदादा

मंगलाचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी गॅसपुढं उभा राहून दूध तापायची वाट बघत होतो. "गुरुजी, दादा गेले," एवढंच ती म्हणाली. मग तिच्या हातातून फोन कुणीतरी घेतला आणि रिक्षा घेऊन लवकर या, असं मला सांगितलं. भिकनदादा शिरसाठ. वय त्रेसष्ट. चाळीसहून अधिक वर्षं सुरतेत कापडाचे लूम चालवलेले, गोडादऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात राहणारे माझे मित्र. त्याआधी आठच दिवस मी त्यांना सरकारी दवाखान्यात भेटून आलो होतो. फुप्फुसं थकली होती, नाकाला नळी होती. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं हा माणूस साधं 'चहा घ्या' म्हणायचा तेसुद्धा चौथ्या घरात ऐकू जायचं. त्या दिवशी मात्र मला कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागला. ते म्हणाले, "सुकलालला कळवू नका. त्याला उगाच धावपळ." सुकलाल हा त्यांचा धाकटा भाऊ, गावी राहणारा. दोघं भाऊ काही वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. मी बरं म्हणालो आणि त्यांचा हात धरून बसलो... याहून वेगळं काही बोलायला हवं होतं, हे घरी परतताना पुलावर सुचलं.

आमची ओळख झाली ती एका वहीमुळं. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक होतो आणि सुरतेतल्या बहुतेक शिक्षकांप्रमाणं माझ्याही गळ्यात मतदार यादीचं काम पडलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत वही घेऊन घरोघर जायचं, कोण नवीन आलं, कोण सोडून गेलं, कोण वारलं, ते लिहून घ्यायचं. गोडादऱ्याच्या त्या गल्लीत निम्म्याहून अधिक घरं खानदेशातली. बहुतेक जण नाव लगेच लिहून द्यायचे. गावच्या यादीतही त्यांचं नाव असायचं, ते मला कळायचं, आणि मी विचारत नसे. भिकनदादा दारात बनियनवर उभे होते. म्हणाले, "माझं नाव नका घालू. माझं मत गावाला आहे." मी म्हणालो, राहता इथं, मग मत इथं हवं, नियम तसाच आहे, गावचं नाव कमी करून घ्या. त्यावर ते म्हणाले, "नियम बरोबर असेल गुरुजी. पण माझी आई तिथं आहे, घर तिथं आहे. म्हातारपणी मी तिथंच जाणार. दोन्हीकडं नाव ठेवणार नाही, एवढं मात्र लिहून घ्या." तसा रकाना वहीत नव्हता. मी चहा प्यायलो आणि निघालो. पुढच्या रविवारी कशाला तरी पुन्हा गेलो, मग जातच राहिलो.

बायको कमलबाई घरी साड्यांना लेस लावायचं काम करायच्या, मुलगी मंगला माझ्याच शाळेत शिकली. घरात अहिराणी बोलली जायची, गल्लीत हिंदी आणि शेठशी गुजराती. माझ्याशी बोलताना भिकनदादा नीटस मराठी बोलायचा प्रयत्न करायचे आणि मध्येच घसरायचे. अमळनेरच्या पुढं नदीकाठचं त्यांचं गाव. तिथं कुठलीही निवडणूक असो, ग्रामपंचायत, विधानसभा, लोकसभा, हा माणूस दोन दिवसांचा खाडा करून उधन्याहून पॅसेंजर पकडायचा. खाड्याचे पैसे शेठ कापायचा. मी स्वतः दर निवडणुकीत कुठल्या ना कुठल्या केंद्रावर ड्यूटीला असायचो. टपालानं मत द्यायची सोय होती, पण तो कागद भरायचा माझ्याकडून बहुतेक वेळा राहूनच जायचा. हे मी त्यांना एकदा हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत.

त्या दिवशी त्यांनी मला आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. गावच्या चावडीच्या पायऱ्या त्यांच्या वस्तीतल्या माणसांना चढता येत नसत. निरोप सांगायचा तर खाली उन्हात उभं राहून सांगायचा. पण मतदानाचं केंद्र चावडीतच असायचं. "आजा म्हणे, त्या एक दिवस मला कोणी अडवत नव्हतं. धुतलेला सदरा घालून जायचा. पायऱ्या हळूहळू चढायचा, गुडघे दुखतात म्हणून नाही, मजा वाटायची म्हणून." हे सांगताना भिकनदादांनी बसल्या जागी पाय उचलून, एकेक पायरी चढल्यासारखं करून दाखवलं होतं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की खानदेशातल्या कितीतरी गावांची मतं सुरतेत राहतात. गावात निवडणूक लागली की इथल्या वस्त्यांच्या तोंडाशी लक्झरी बसा येऊन उभ्या राहतात. एका पॅनलची इकडं, दुसऱ्याची तिकडं. यादी हातात घेतलेला माणूस नावं पुकारतो. जाणं-येणं फुकट, वाटेत धाब्यावर जेवण, बायांना साडी, बाप्यांना पाकीट. लोक हसतखेळत जातात, गाव बघून येतात. मला त्यात फारसं वावगं वाटत नसे. गरीब माणसाला गावी जायला मिळतं, एवढाच विचार मी करत होतो.

मग त्यांच्या गावचं सरपंचपद राखीव झालं आणि सरपंच थेट लोकांनी निवडायचा असं ठरलं. सुकलाल उभा राहिला. त्याला मी तोवर दोनतीनदा भेटलो होतो. मनमिळाऊ, कुणाच्याही आजारपणात धावून जाणारा, शाळेच्या गळक्या खोल्यांसाठी तालुक्याला चकरा मारणारा. निवडून यावा असाच माणूस. रविवारच्या दुपारी तो सुरतेत आला, भावाच्या घरी बसला होता आणि योगायोगानं मीही तिथं होतो. सुरतेतून किती मतं निघतील, असं त्यानं विचारलं. भिकनदादा म्हणाले, चाळीस तरी. सुकलालचा चेहरा उजळला. "मग दोन बसा पाठवतो."

"बसा कोणाच्या?" भिकनदादांनी विचारलं.

सुकलालनं एका वाळूच्या ठेकेदाराचं नाव घेतलं. पाकिटांचंही तोच बघणार होता.

"आणि त्याला काय द्यायचं?"

आत कमलबाईंचं शिलाई मशीन थांबलं. ठेकेदाराला काय द्यायचं ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. नदीतली वाळू उचलायला ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि ठरावाखाली सरपंचाची सही. सुकलाल शेवटी म्हणाला, "दादा, समोरच्याकडंही ठेकेदारच आहे. त्याच्या बसा येणार. मी नाही पाठवल्या तर माझी माणसं त्याच्या बसमध्ये बसतील. हरायला उभा राहू का?" मग तो माझ्याकडं वळला. "गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही सांगा यांना."

मी सांगितलं. म्हणालो, "भिकनदादा, थोडं व्यवहारानं घ्यावं लागतं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. शाळेत एखाद्या हुशार मुलानं सोपं गणित चुकवलं की मी जसा पाहत असे, तसं... ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. पुढच्या सगळ्या वर्षांत मी ते परत घेतलं नाही.

भिकनदादांनी त्या दुपारी भावापुढं वेगळाच प्रस्ताव ठेवला. बस पाठवू नकोस, ठेकेदाराला नाही म्हण. मी इथल्या माणसांना तिकीट काढून गावी आणतो आणि तुलाच मत द्यायला लावतो. तू निवडून ये, पण कुणाचा मिंधा होऊन येऊ नकोस. सुकलाल बघतो म्हणाला. भिकनदादांनी ते होकार म्हणून घेतलं. पुढचे तीन आठवडे पाळी सुटली की हा माणूस गल्ल्यांमधून फिरत होता. गोडादरा, लिंबायत, थेट कतारगामला दोन घरं होती तिथवर. मीही एकदा सोबत गेलो. प्रत्येक घरात तेच बोलणं. "बसचं भाडं ठेकेदार देतो, बरोबर? तो कुठून काढेल? नदीतून. नदी गेली की आपल्या विहिरी गेल्या. म्हणजे बसचं भाडं आपल्याच विहिरीतून भरायचं आहे. त्यापेक्षा तिकीट स्वस्त पडेल." लोक हसायचे, मान डोलवायचे, येतो म्हणायचे. एका घरातल्या म्हाताऱ्यानं तोंडावर विचारलं, "भिकन, साडी तू देशील का?" जिना उतरताना भिकनदादा मला म्हणाले, "म्हातारा खोटं नाही बोलला. त्याच्या सुनेला पाच वर्षांत कोणी नवी साडी दिली नाही."

उधन्याच्या फलाटावर मतदानाच्या आदल्या सकाळी अकरा माणसं आली. चाळिसांतली अकरा. मी निरोप द्यायला गेलो होतो. भिकनदादांनी पुन्हा पुन्हा मोजलं, पुलाकडं पाहिलं, गाडी सुटेपर्यंत दारातच उभे राहिले. कमलबाई आत खिडकीशी बसल्या होत्या आणि मंगलाची दहावीची परीक्षा जवळ आली म्हणून ती मागं राहिली होती.

पुढचं मला कमलबाईंनी सांगितलं. गावात पोचले तर शाळेच्या मैदानात तीन बसा उभ्या. एक समोरच्या पॅनलची, दोन सुकलालच्या. शेवटच्या चार दिवसांत त्याचा धीर सुटला होता आणि त्यानं ठेकेदाराला हो म्हटलं होतं. सुरतेचीच माणसं, जी येतो म्हणाली होती, ती बसमधून उतरत होती आणि भिकनदादांना बघून दुसरीकडं तोंड फिरवत होती. त्यांनी कुणालाही काही म्हटलं नाही. आपल्या अकरा जणांना एवढंच सांगितलं, की ज्याला जे पटेल ते करा. दुसऱ्या दिवशी चावडीत गेले, बाहेर आले, आईजवळ जाऊन बसले.

सुकलाल नऊ मतांनी पडला.

निकालाच्या संध्याकाळी तो घरात आला आणि आईसमोर, वस्तीतल्या पंधरावीस माणसांसमोर त्यानं विचारलं, "दादा, तू कोनले मत दिधं?" न सांगायचा हक्क भिकनदादांना होता. मत गुप्त असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! पण त्यांनी मान वर करून सांगितलं, "तुले नही दिधं, भाऊ. कोनलेच नही दिधं." सर्वांत खालचं, कुणीच नको असं म्हणणारं बटण त्यांनी दाबलं होतं. आणि त्यांच्याबरोबर आलेल्या बहुतेकांनीही. सुकलाल बाहेर गेला. आई मात्र भिकनदादांकडं बघून म्हणाली, की तू सुरतेतच राहायला हवं होतंस.

परत आल्यावर गल्लीतही त्यांना कुणी बरं म्हटलं नाही. सख्ख्या भावाला पाडलं, हेच सगळीकडं. निवडून आलेल्या सरपंचानं सहा महिन्यांत ठरावाखाली सही केली आणि नदीत यंत्रं उतरली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी आई गेली. भिकनदादा गावी गेले, दोघं भाऊ एकाच ओट्यावर दोन टोकांना बसले आणि तिसऱ्या दिवशी हे परतले. येताना नदी बघून आले होते. खड्डे पडलेत म्हणाले, गाळाचं पाणी साचलंय, बायका वाटी वाटीनं भरतात. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग भिकनदादा, तुमच्या त्या मतानं झालं काय? नदी गेली, भाऊ गेला."

त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं, स्वतःच त्याच्याकडं पाहिलं. म्हणाले, "नदी गेली गुरुजी. पण या बोटाखालून नाही गेली." आणि मग, अगदी हळू आवाजात, जो आवाज मी त्यांचा तोवर कधी ऐकला नव्हता: "भाऊ मात्र याच बोटाखालून गेला."

त्यांना हे सोपं गेलं, असं कुणी समजू नये. दिवाळीत सुकलालच्या मुलांसाठी कमलबाई कपडे घ्यायच्या आणि ते पेटीतच राहायचे. मंगलाच्या लग्नाची पत्रिका भिकनदादांनी स्वतःच्या हातानं पत्ता लिहून पाठवली. सुकलाल आला नाही. मांडवात हा माणूस दर थोड्या वेळानं रस्त्यापर्यंत जाऊन येत होता. मी विचारलं तर म्हणाले, आचाऱ्याचा टेम्पो बघतो. आचारी कधीच येऊन स्वयंपाकाला लागला होता.

तरी पुढच्या निवडणुकीला ते पुन्हा फिरले. तेव्हा त्यांना दम लागायला लागला होता, दोन जिने चढले की कठड्याला धरून उभे राहायचे. गावातली, शिवणकाम करणारी एक बाई सदस्यपदाला उभी होती. तिच्याकडं बस नव्हती, साडी नव्हती, स्वतःच्या हातानं लिहिलेली पत्रकं होती. या वेळी फलाटावर तेवीस माणसं आली. साडी मागणारा तो म्हातारा आता नव्हता, पण त्याची सून आली होती, स्वतःचं तिकीट काढून. ती शिवणकामवाली बाई निवडून आली. नऊ सदस्यांत एकटी. तिच्यानं वाळू थांबली नाही, पण दर ठरावाला ती उभी राहून 'माझा विरोध लिहून घ्या' म्हणते, असं भिकनदादा मला सांगायचे आणि तिची नक्कल करून दाखवायचे. मीही त्या सुमारास निवृत्त झालो. ड्यूटी संपली, आणि आयुष्यात पहिल्यांदा साधा मतदार म्हणून रांगेत उभा राहिलो. केंद्रावरून थेट त्यांच्याकडं गेलो आणि त्यांना सांगितलं. ते कमलबाईंना म्हणाले, "गुरुजींना गोड काहीतरी द्या, आज पास झाले." त्याच क्षणी मला त्या जुन्या वाक्याची माफी मागता आली असती. मी शिरा खाल्ला.

गेले त्या सकाळी गल्लीत माणसं मावत नव्हती. ज्यांनी त्यांच्यामागं नावं ठेवली होती तीही होती. सुकलालला कळवू नका, असं ते म्हणाले होते; मी मंगलाला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "गुरुजी, दादांचं सगळं ऐकलं. हे एक ऐकणार नाही." तिनं फोन केला होता. दुपारी एकच्या सुमारास सुकलाल आला. केस पांढरे झालेले, चपला हातात घेतलेल्या. त्रिशरण म्हणायला सुरुवात झाली होती. तो भावाच्या पायाशी बसला आणि हात जोडायचेच विसरला, नुसता बघत राहिला.

अश्विनीकुमारच्या स्मशानातून परतताना तो रिक्षात माझ्या शेजारी होता. म्हणाला, "गुरुजी, दादानं त्या दिवशी मला मत दिलं असतं, आणि त्याच्या माणसांनी दिलं असतं, तर मी निवडून आलो असतो. मग त्या ठरावावर सही माझी असती. मला ती करावीच लागली असती. आमची विहीर आटली त्या वर्षी हे माझ्या ध्यानात आलं."

"मग फोन का नाही केलास?" मी विचारलं.

"रोज करणार होतो," तो म्हणाला. पर्वत पाटियाचा चौक येईपर्यंत तो तोंडावर उपरणं धरून रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला काय सांगणार होतो? मीही रोज माफी मागणार होतो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. गेल्या आठवड्यात कमलबाईंनी मला बोलावून घेतलं. खोलीत भिकनदादांची खाट उभी करून भिंतीला लावली होती. कमलबाईंनी एक कोरा छापील अर्ज माझ्यापुढं ठेवला. गावच्या मतदार यादीतून भिकनदादांचं नाव कमी करण्याचा. सुकलालकडून तालुक्याहून मागवून घेतला होता. असे अर्ज मी नोकरीत शेकड्यानं भरले आहेत, त्या कागदाचा रकानान् रकाना मला पाठ आहे. नाव लिहिलं, वडिलांचं नाव, गाव लिहिलं. मग कारणाचा रकाना आला आणि हात पुढं जाईना. मी म्हणालो, "कमलबाई, एवढी काय घाई आहे? राहू दे यादीत थोडे दिवस. कुणाचं काय बिघडतंय?"

त्या साडीला लेस लावत होत्या. मशीन थांबवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "निवडणूक येऊन ठेपली आहे गुरुजी. नाव राहिलं तर कोणीतरी त्यांच्या नावानं जाऊन मत टाकून येईल. लिहा तुम्ही."

मी 'मृत्यू' लिहिलं. अक्षर फळ्यावर काढायचो तसं मोठं, सुटं काढलं. वाचता येत नाही म्हणून कचेरीत कुणी तो कागद बाजूला ठेवायला नको.